पिस्तूल, अर्धस्वयंचलित : निवड व मूल्यमापन

चाप एकदा ओढला असता एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकली जाते आणि दस्त्यातील मॅगझिनमधून पुढील काडतूस नळीच्या कोठीत येऊन बसते, अशा एका हाताने चालविता येणाऱ्या अग्निशस्त्रास अर्धस्वयंचलित पिस्तूल म्हणतात. पुढील गोळीसाठी चाप सोडून पुन्हा ओढावा लागतो. चाप दाबून धरल्यास सलग गोळ्या सुटणाऱ्या स्वयंचलित शस्त्राहून ते या बाबतीत भिन्न होय. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे नळीमागील फिरत्या पिंपात असतात. पिस्तुलात ती दस्त्यात एकावर एक रचलेली असतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झालेली, पोलादी बांध्याची, वरून सरकणाऱ्या स्लाइडची आणि साध्या स्थिर माशीची जी पिस्तुले आहेत, त्यांस अभिजात घाटाची पिस्तुले म्हणता येईल. अशा घाटाचे माफक किंमतीचे पिस्तूल सरावक्षेत्रावरील नेमबाजीस व घराच्या संरक्षणास कितपत उपयुक्त ठरते, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे. स्थलपरत्वे कायदा, वस्ती व हवामान बदलत असल्याने पिंपरी–चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती आधारभूत धरली आहे.

ऐतिहासिक आढावा : धूरविरहित दारूचा शोध लागल्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्फोटाच्या धक्क्यावर चालणारी पिस्तुले प्रत्यक्षात आली. बोर्खार्ट (१८९३) व माउझर (१८९६) ही जर्मन पिस्तुले त्यांपैकी आरंभीची होत. तथापि आज परिचित असलेला घाट मुख्यतः जॉन मोझेस ब्राउनिंग (१८५५–१९२६) या अमेरिकन संशोधकाने सिद्ध केला. बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने काढलेल्या त्याच्या १९०० सालच्या पिस्तुलाबरोबर ७·६५ मिमी. म्हणजेच .३२ बोअरचे काडतूस प्रचारात आले. अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलेले .४५ बोअरचे कोल्ट पिस्तूल हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध शस्त्र असून ते १९८५ पर्यंत तेथील अधिकृत सेवा-पिस्तूल होते. ब्राउनिंगच्या मृत्यूनंतर द्यूदोने सेव्ह या बेल्जियन अभिकल्पकाने पूर्ण केलेले ‘हाय पॉवर’ (१९३५) हे १३ काडतुसांचे ९ मिमी. पिस्तूल जगभर पसरले. भारतीय सैन्य व पोलीस दलांत वापरले जाणारे इशापूर येथील ९ मिमी. ‘१ ए’ पिस्तूल याच घाटाचे आहे. वॉल्थर पीपी (१९२९) हे .३२ बोअरमधील लहान पिस्तुलांचे आणखी एक आदर्श उदाहरण होय.

रचना व कार्य : पिस्तुलाचे मुख्य भाग सांगाडा, नळी, स्लाइड, पुनःस्थापक स्प्रिंग, चापयंत्रणा व मॅगझिन हे होत. नळीच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याची जी जागा असते, तीस कोठी म्हणतात. नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा असतात. त्यांमुळे गोळीस परिवलन मिळून तिचा मार्ग स्थिर राहतो. गोळी सुटताच उत्पन्न होणारा वायूचा दाब काडतुसाच्या बुडामार्फत स्लाइडला मागे ढकलतो. स्लाइड मागे जाताना पुंगळी आकड्याने ओढली जाऊन बाहेर पडते व घोडा मागे सरून तयार होतो. स्प्रिंगच्या जोराने स्लाइड पुढे येताना नवीन काडतूस कोठीत शिरते.

कमी दाबाच्या .३२ काडतुसासाठी स्लाइडचे वजन व स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच भागते. नळी स्थिर असते व यंत्रणा साधी राहते. ९ मिमी. किंवा .४५ काडतुसांत मात्र गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी व स्लाइड एकमेकींत अडकवून ठेवावी लागतात. कोल्ट व हाय पॉवर या पिस्तुलांत नळी थोडी मागे सरून खाली झुकते व मग स्लाइड मोकळी होते.

निरनिराळ्या काडतुसांची शक्ती पुढील ढोबळ आकड्यांवरून कळून येईल. .३२ ची ४·६ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. २७५ मी. वेगाने सुटते व तिची गतिज ऊर्जा सु. १७५ जूल असते. ९ मिमी. च्या ७·५ ग्रॅ. गोळीची ऊर्जा सु. ४५० जूल, तर .४५ च्या १४·९ ग्रॅ. गोळीची सु. ४८० जूल भरते. स्पर्धांतील हवेच्या पिस्तुलाच्या छर्‍याची ऊर्जा अवघी ६ जूलच्या आसपास असते.

भारतातील उपलब्धता : इतर काही देशांत ‘स्वस्त अभिजात पिस्तूल’ म्हणजे कोल्ट वा हाय पॉवर यांची कमी किंमतीची प्रतिकृती असा अर्थ होतो. भारतात हा अर्थ लागू पडत नाही. ९ मिमी. पॅराबेलम काडतुसाची पिस्तुले ‘निषिद्ध बोअर’ या गटात येतात व ती सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. शिवाय १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य नागरिकांसाठी अग्निशस्त्रांची आयात बंद झाली. त्यापूर्वी आलेली वेब्ली अँड स्कॉट, कोल्ट, ब्राउनिंग, वॉल्थर इ. बनावटींची .३२ पिस्तुलेच परवानाधारकांमध्ये हस्तांतरित होत राहिली आहेत. पुरवठा गोठलेला असल्याने त्यांच्या किंमती त्यांच्या यांत्रिक गुणवत्तेच्या मानाने फार चढल्या. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या शस्त्रास केवळ परदेशी नाममुद्रेमुळे मोठी किंमत पडते, ही गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

देशी शस्त्रांत कोलकाता परिसरातील शासकीय शस्त्रकारखान्यात तयार होणारे ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल या घाटाचे प्रातिनिधिक शस्त्र होय. कानपूर येथील कारखाना .३२ रिव्हॉल्व्हर तयार करतो. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन त्याच्या कारखान्यांची सात शासकीय कंपन्यांत विभागणी झाली. त्यांपैकी लघुशस्त्रांचे कारखाने कानपूर येथे मुख्यालय असलेल्या कंपनीकडे, तर दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यातील कंपनीकडे आले. पिंपरी–चिंचवडच्या सीमेलगत असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. अलीकडे खाजगी उद्योगांनाही लघुशस्त्रनिर्मितीचे परवाने मिळू लागले आहेत.

या संदर्भात एक सावधगिरी महत्त्वाची आहे. .३२ या एकाच नावाची दोन भिन्न काडतुसे भारतात प्रचलित आहेत. पिस्तुलाचे काडतूस आखूड व जवळजवळ सरळ बुडाचे असते. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब व रुंद कडेचे असते. ती परस्परांच्या जागी वापरता येत नाहीत. खरेदीच्या वेळी परवान्यावरील बोअरचा आकडाच न पाहता शस्त्राचा प्रकार सांगून काडतूस पडताळून घ्यावे लागते.

परवाना : शस्त्र अधिनियम, १९५९ व त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना लागतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांस, तर अन्यत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांस असतो. पिंपरी–चिंचवड पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले व चाकणचा परिसरही त्याच्या कक्षेत आला. अर्जासोबत शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र व सुरक्षित साठवणुकीचे हमीपत्र द्यावे लागते. पोलीस चौकशीचा अहवाल आल्यावर निर्णय होतो व नकाराविरुद्ध अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणली व परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. लग्नसमारंभात, मिरवणुकीत किंवा उत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात आणणे हाही याच दुरुस्तीने स्वतंत्र गुन्हा ठरला. निवडणुकांच्या काळात छाननी होऊन शस्त्र पोलिसांकडे जमा करण्याचा आदेश मिळू शकतो.

परवाना व्यक्तिगत असतो, ही बाब या औद्योगिक पट्ट्यात विशेष अर्थपूर्ण आहे. येथील असंख्य कुटुंबांतील कर्ता पुरुष किंवा स्त्री पाळीने कामावर जाते. परवानाधारक रात्रपाळीस गेला असता घरातील अन्य व्यक्तीस ते पिस्तूल कायद्याने हाती घेता येत नाही व त्याच्या किल्ल्याही तिच्याजवळ असणे उचित नसते. म्हणजे ज्या वेळी घर सर्वांत असुरक्षित वाटते, नेमक्या त्याच वेळी शस्त्राचा उपयोग शून्य असतो. घरसंरक्षणाच्या हेतूने शस्त्र घेण्याचा विचार करताना प्रथम हा हिशेब मांडला पाहिजे.

सरावक्षेत्रावरील उपयुक्तता : नेमबाजीच्या स्पर्धा ठराविक नियमांनी बांधलेल्या असतात. १० मी. अंतरावरील स्पर्धेत ४·५ मिमी. हवेचे पिस्तूल वापरतात. २५ मी. वरील महिलांच्या व जलद नेमबाजीच्या स्पर्धांत .२२ बोअरचे पिस्तूल लागते. मध्याघाती काडतुसांच्या २५ मी. स्पर्धेत ७·६२ ते ९·६५ मिमी. बोअरची शस्त्रे चालतात. .३२ बोअर या मर्यादेत बसत असला, तरी त्या स्पर्धेतील पिस्तुले सामान्यतः .३२ च्या लांब काडतुसावर आधारलेली, हलक्या चापाची व समायोज्य माशीची असतात. खिशात मावणारे अभिजात पिस्तूल त्यांच्याशी तुल्य नसते.

यामागील एक कारण माशी व मागची खाच यांतील अंतर हे होय. लहान पिस्तुलात हे अंतर सु. १३० मिमी. धरल्यास माशी खाचेच्या मध्यापासून १ मिमी. सरकली असता २५ मी. वर गोळी सु. १९२ मिमी. बाजूस जाते. क्रीडापिस्तुलातील २२० मिमी. या कमाल अंतरास हीच चूक सु. ११४ मिमी. वर येते. २५ मी. च्या अचूकता-लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिमी. व्यासाचे असते. दुसरे कारण चापाचे वजन. .२२ क्रीडापिस्तुलाच्या चापास नियमानुसार किमान १ किग्रॅ. ओढ लागते, संरक्षणासाठी बनविलेल्या पिस्तुलात ती बहुधा दुपटीहून अधिक असते. चाप जड असला की ओढताना हात हलतो व नवशिक्यास स्वतःची चूक व शस्त्राचा दोष यांतील भेद कळत नाही. तिसरे कारण काडतुसांचे होय. कौशल्य वाढण्यास वर्षाकाठी हजारो फैरी लागतात. सामान्य परवान्यावर मिळणारा काडतुसांचा कोटा मर्यादित व .३२ चे काडतूस महाग असल्याने असा सराव शक्य होत नाही.

म्हाळुंगे–बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडानगरी १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारण्यात आली. तेथील नेमबाजी संकुल पिंपरी–चिंचवडच्या लगतच असून २००८ च्या राष्ट्रकुल युवक स्पर्धांतील नेमबाजी तेथे झाली. अशा ठिकाणी शिकणाऱ्याचा आरंभ हवेच्या पिस्तुलाने होतो. ४·५ मिमी. बोअरच्या व २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या पिस्तुलास परवाना लागत नाही. २५ मी. पिस्तूल प्रकारात २०१८ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविणारी कोल्हापूरची राही सरनोबत ही ज्या शस्त्राने खेळते, ते .२२ बोअरचे क्रीडापिस्तूल आहे. नेमबाजीची आवड हा मुख्य हेतू असल्यास .३२ पिस्तुलाची किंमत हवेच्या उत्तम पिस्तुलावर व प्रशिक्षणावर खर्च करणे अधिक फलदायी ठरते.

गृहसंरक्षणातील उपयुक्तता : घरात अंतरे ४ ते ६ मी. पेक्षा क्वचितच अधिक असतात. वर उल्लेखिलेली १ मिमी. ची चूक ५ मी. वर सु. ३८ मिमी. एवढीच होते, म्हणून सूक्ष्म अचूकतेस येथे दुय्यम महत्त्व आहे. प्रत्येक वेळी निश्चितपणे सुटणे, अंधारात हाताळता येणे व नको तेव्हा न सुटणे हे तीन गुण निर्णायक होत. .३२ पिस्तुलाचा धक्का सौम्य असतो, स्लाइड ओढण्यास फार ताकद लागत नाही व यंत्रणा साधी असते, या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. गोळीची शक्ती मर्यादित आहे व अडकलेले काडतूस मोकळे करण्यास दोन्ही हात व सराव लागतो, या उणिवा होत. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढताच पुढील काडतूस समोर येते. सराव कमी असणाऱ्यास हा लाभ मोठा आहे.

तथापि शस्त्राच्या गुणांहून वस्तीचे स्वरूप अधिक महत्त्वाचे ठरते. या पट्ट्यात कामगारांच्या चाळी, पत्र्याच्या खोल्या, भाड्याने घेतलेल्या सामायिक खोल्या व दाट गृहसंकुले आहेत. .३२ ची गोळी लाकडी दार, काच, प्लायवूडची आडभिंत किंवा पत्रा भेदून पलीकडे जाऊ शकते व कठीण पृष्ठभागावरून उसळू शकते. चुकलेल्या गोळीच्या वाटेत शेजारचे घर येते. बंद खोलीत पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो व कानास कायमची इजा होऊ शकते. सामायिक खोलीत राहणाऱ्यास स्वतंत्र कुलूपबंद जागा नसल्याने साठवणुकीची मूळ अटच पाळता येत नाही.

साठवणुकीत एक अटळ विरोध आहे. पिस्तूल रिकामे करून पोलादी पेटीत व काडतुसे दुसरीकडे कुलपात ठेवल्यास मुलांपासून, चोरांपासून व क्षणिक आवेगापासून संरक्षण मिळते. पण अचानक आलेल्या प्रसंगी ते हाती येण्यास वेळ लागतो. भरलेले पिस्तूल उशाशी ठेवल्यास वेळ वाचतो. पण तेच घरातील सर्वांत धोकादायक वस्तू बनते. कौटुंबिक कलह, नैराश्य किंवा मद्यपान यांच्या प्रसंगी हाताशी असलेले शस्त्र क्षणात प्राणघातक ठरते. ज्या घरात यांपैकी काही चिन्हे असतील, तेथे शस्त्र न आणणे अथवा असलेले परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवणे हाच योग्य मार्ग होय. मजबूत दार व कडी, जिन्यातील प्रकाश, शेजाऱ्यांशी संपर्क आणि ११२ या क्रमांकावरून पोलिसांची मदत हे उपाय परवान्याविना व सर्व पाळ्यांत उपलब्ध असतात.

आत्मसंरक्षणाचा अधिकार : शस्त्राचा परवाना म्हणजे गोळी झाडण्याची परवानगी नव्हे. हा अधिकार भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आला आहे. संरक्षणासाठी आवश्यक त्यापेक्षा अधिक इजा करता येत नाही व शासकीय यंत्रणेची मदत घेण्यास अवधी असेल, तेव्हा हा अधिकार उरत नाही. मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी वाजवी भीती, जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतील घरफोडी इ. ठराविक प्रसंगांतच तो प्राण घेण्यापर्यंत पोहोचतो. पळून जाणाऱ्या चोरावर केलेला गोळीबार सामान्यतः या मर्यादेत बसत नाही. गोळी झाडणाऱ्यास आपल्या कृतीचे समर्थन न्यायालयापुढे करावे लागते.

यांत्रिक तपासणी : तपासणीपूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी. प्रथम मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून कोठी डोळ्यांनी व बोटाने तपासावी. हा क्रम उलटा झाल्यास मॅगझिनमधील काडतूस पुन्हा कोठीत शिरते. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज अनेक अपघातांच्या मुळाशी असतो.

या पट्ट्यात यंत्रकामाचे जाणकार पुष्कळ असल्याने तपासणीची भाषा त्यांस अपरिचित नाही. स्लाइड व सांगाडा यांतील खेळ, सरकपट्ट्यांवरील झीज, नळीतील खाचांच्या कडा, गंजाचे खड्डे, नळीवरील फुगवटा, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याची धार, मॅगझिनच्या ओठांचा आकार व स्प्रिंगांचा थकवा या बाबी क्रमाने पाहाव्यात. जुन्या पिस्तुलातील अडथळे बहुधा वाकलेल्या मॅगझिनमुळे व सैल स्प्रिंगमुळे येतात. सुरक्षा खटका लावून चाप ओढला असता घोडा पडू नये व खटका काढतानाही तो पडू नये. कोल्टच्या दस्त्यावरील दाबखटका, हाय पॉवरमधील मॅगझिन काढल्यावर चाप निकामी करणारी योजना इ. प्रत्येक बनावटीची सुरक्षा-यंत्रणा वेगळी तपासावी लागते. पिस्तूल खाली पडल्यास मारक पिन पुढे जाऊ नये, यासाठीचा अडसर बहुतेक जुन्या घाटांत नसतो. म्हणून अशा शस्त्राच्या कोठीत काडतूस भरून ठेवणे असुरक्षित होय. शस्त्रावरील क्रमांक परवान्याशी तंतोतंत जुळला पाहिजे व क्रमांक खोडलेले किंवा पुन्हा ठोकलेले असल्यास व्यवहार करू नये.

चाचणी सरावक्षेत्रावर जाणकाराच्या देखरेखीखाली करावी. हाताला आधार देऊन १० मी. वर पाच गोळ्यांचे तीन-चार गट काढावेत व प्रत्येक गटातील सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधील अंतर नोंदवावे. एका उत्तम गटापेक्षा सर्व गटांतील सातत्य अधिक बोलके असते. काडतूस न उडाल्यास नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. आवाज नेहमीपेक्षा मंद आल्यास पुढील गोळी झाडू नये. नळीत गोळी अडकलेली असण्याचा संभव असतो.

दुरुस्ती व देखभाल : कारागिरांच्या या वस्तीत एक मोह संभवतो. तुटलेली पिन किंवा सैल आकडा टूलरूममध्ये सहज बनविता येईल असे वाटते. परंतु अग्निशस्त्रांची निर्मिती, दुरुस्ती, चाचणी व रूपांतर या सर्वांस शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ खाली स्वतंत्र परवाना लागतो व शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत येतात. स्वतःचे परवानाप्राप्त पिस्तूल असले, तरी त्याची दुरुस्ती परवानाधारक शस्त्रदुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावी लागते.

मालकास करता येण्याजोगी देखभाल म्हणजे सफाई, तेल व कोरडी साठवण. सरावानंतर नळी साफ करून तेलाचा पातळ थर द्यावा. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढते व हाताच्या घामाने निळसर मुलामा झिजून गंज चढतो. चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. काडतुसांवर तेल लागू देऊ नये; ते आत झिरपल्यास काडतूस निकामी होते.

किंमत : स्वस्ताईचा विचार करताना पिस्तुलाची विक्रीकिंमत हा खर्चाचा पहिला भाग असतो. परवाना व नूतनीकरण, प्रशिक्षण, भिंतीत पक्की बसविलेली पोलादी पेटी, कर्णरक्षक व चष्मा, सरावक्षेत्राचे शुल्क, काडतुसे व नियमित तपासणी यांचा खर्च पुढे कायम राहतो. त्यांत कपात करून घेतलेले स्वस्त पिस्तूल व्यवहारात महाग पडते. कारण ज्याचा सराव नाही व ज्याची साठवण नीट नाही, त्या शस्त्रापासून संरक्षणाऐवजी धोकाच वाढतो.

सर्वांत स्वस्त म्हणून चोरट्या बाजारात ‘गावठी’ पिस्तुले मिळतात व त्यांपैकी काही बाह्यतः अभिजात पिस्तुलांसारखी दिसतात. या पट्ट्यातही पोलीस कारवायांत अशी शस्त्रे जप्त होत आली आहेत. योग्य मिश्रधातू, उष्णता-संस्करण व दाबचाचणी यांच्या अभावी नळी किंवा स्लाइड फुटून वापरणाऱ्याचाच हात वा डोळा जाण्याचा धोका असतो. परवान्याविना अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्यतः दोन ते पाच वर्षे कारावासाची तरतूद आहे. मूल्यमापनाचे कोणतेही निकष अशा शस्त्रास लावता येत नाहीत.

निवडीचे सूत्र : नेमबाजी व गृहसंरक्षण हे दोन हेतू पिस्तुलाकडून परस्परविरोधी गुणांची अपेक्षा करतात. पहिल्यास लांब दृष्टिरेषा, हलका चाप व स्वस्त काडतूस लागते. दुसऱ्यास आटोपशीर आकार, न चुकणारी क्रिया व सहज न सुटणारा चाप लागतो. माफक किंमतीचे .३२ पिस्तूल दुसऱ्या हेतूस मर्यादित प्रमाणात व पहिल्यास फारच थोडे उपयोगी पडते. ज्यास जीविताची प्रत्यक्ष व सिद्ध करता येण्याजोगी भीती आहे, स्वतंत्र कुलूपबंद जागा आहे, घरातील वातावरण स्वस्थ आहे व नियमित सराव करण्याची तयारी आहे, अशा व्यक्तीने नव्या देशी पिस्तुलाचा किंवा रिव्हॉल्व्हरचा प्रथम विचार करावा. जुने परदेशी पिस्तूल यांत्रिक तपासणीत उतरले, तरच घ्यावे. अन्य सर्वांस हवेच्या पिस्तुलाने नेमबाजी शिकणे व घरासाठी बिनशस्त्र उपाय योजणे श्रेयस्कर होय.

शस्त्राची विल्हेवाट हाही निवडीचाच भाग समजावा. परवाना संपल्यास, रद्द झाल्यास किंवा परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास ते पिस्तूल विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसास ते हवे असल्यास स्वतःच्या नावे परवाना मिळवावा लागतो. नको असल्यास ते परवानाधारकास विकता येते. वडिलांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेले पिस्तूल ठाऊक असूनही जमा न केल्यास ते विनापरवाना शस्त्रच ठरते. म्हणून शस्त्राची माहिती, परवाना व पेटीची जागा यांची नोंद कुटुंबातील एका विश्वासू प्रौढ व्यक्तीस असणे इष्ट असते.